वर्तनविज्ञान, वैद्यकीय शिक्षणातील
रुग्णाचे विचार, भावना, सवयी आणि सामाजिक स्थिती यांचा आजाराशी असलेला संबंध भावी डॉक्टरांना शिकवणारी शाखा. जॉर्ज एंगेल यांनी 1977 मध्ये मांडलेल्या जैव-मनो-सामाजिक प्रारूपामुळे तिला भक्कम आधार मिळाला. भारतात एमबीबीएसला हा स्वतंत्र विषय नाही; तो जनवैद्यक आणि मनोविकारशास्त्रात विखुरलेला आहे. 2019 पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात मात्र वृत्ती, नीती व संवाद यांचे ‘एटकॉम’ पाठ सक्तीचे झाले. पहिल्याच वर्षी ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ यावर चर्चा होते; शवविच्छेदनातील मृतदेहाकडे पहिला गुरू म्हणून पाहायला शिकवले जाते.
या शिक्षणाची गरज प्रत्यक्ष रुग्णालयात दिसते. छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकाच्या उत्तरेला, 1956 मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘घाटी’) आहे. तेथे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. कोणी मराठी बोलतो, कोणी दखनी. बरे वाटताच क्षयरोगाच्या गोळ्या सोडणाऱ्याला रागावण्याऐवजी त्याची बुडणारी मजुरी, प्रवासखर्च आणि घरची भीती विचारणे, हेच या शिक्षणाचे खरे प्रात्यक्षिक. ते व्याख्यानापेक्षा खाटेशेजारीच उत्तम शिकवता येते, आणि गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात नेमका त्यासाठीच वेळ अपुरा पडतो.