शाळेचा अंक आणि जस्ताचे ठसे

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास थोड्याच वर्षांच्या अंतराने दोन गोष्टींचा आरंभ झाला, आणि त्या दोहोंचा परस्परांशी काही संबंध येईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसावे. तेथील विद्यार्थी आणि तरुण अध्यापक यांनी 1848 साली साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी जी सभा स्थापन केली, तिच्या मराठी शाखेने, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेने, 1850 साली ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक सुरू केले. आणि 1855 साली त्याच संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग उघडला. लेखणी हाती घेतलेला विद्यार्थी आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलेला विद्यार्थी असे एका छपराखाली वावरत असूनही एकाचे चित्र दुसऱ्याच्या मासिकात छापले जाणे शक्य नव्हते, कारण शिसाच्या खिळ्यांबरोबर छायाचित्र छापण्याची विद्याच तोवर निर्माण झालेली नव्हती. शिळाप्रेसवर रेखाचित्र निघे, लाकडात कोरलेले चित्र निघे. परंतु उजेड आणि सावली यांच्या मधल्या ज्या असंख्य छटांमुळे छायाचित्र हे छायाचित्र ठरते, त्या छटा शाईला ठाऊक नव्हत्या. मराठी शाळांतील नियतकालिकांचा पुढचा इतिहास पाहू लागले, म्हणजे ही अडचण आणि तिच्यावर निघालेला महागडा उपाय या दोहोंनीच त्या अंकांचे रूप पुष्कळ अंशी घडविले, असे माझ्या मनात येते.

छापखाना परवडत नाही म्हणून शाळा हस्तलिखिताकडे वळल्या, असे सामान्यतः सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण तेवढेच कारण नव्हते. 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे स्थळ घालणे बंधनकारक केले होते, 1907 च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांनी राजकारणाच्या वाऱ्यासही उभे राहू नये अशी तजवीज केली, आणि 1910 च्या मुद्रणविषयक कायद्याने तर नव्या छापखान्याकडून 500 पासून 2000 रुपयांपर्यंत जामिनकी मागण्याचा अखत्यार सरकारी अंमलदारांस दिला. अशा काळात गावच्या छापखानदाराने शाळेतील पोरांची कविता छापण्यापूर्वी ती दोनदा वाचून पाहावी आणि मुख्याध्यापकांनी चारदा, यात नवल ते काय! हाताने लिहिलेल्या अंकाला मात्र ना मुद्रक, ना जामिनकी. 1902 साली फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झालेले विनायक दामोदर सावरकर आणि त्यांचे सोबती वसतिगृहात ‘आर्यन वीकली’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक चालवीत, ते केवळ पैशाच्या तुटीपायी नव्हे, हे सांगावयास नको.

हस्तलिखिताची सर्वांत हृद्य हकीकत अर्थातच अमळनेरची. साने गुरुजी 1924 पासून 1930 पर्यंत तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाचा भारही त्यांच्याकडे होता. त्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढले. छात्रालयाच्या भिंतींपलीकडे ज्याला वाचक नाही असे पत्र, आणि तेही मासिक नव्हे, साप्ताहिक नव्हे, रोजच्या रोज हाताने लिहिलेले! काटेकोर हिशेबाने पाहिले तर हे विद्यार्थ्यांचे पत्र नव्हे, शिक्षकाचे. कारण ते लिहिण्याचा बहुतेक जिम्मा गुरुजींनीच वाहिला. तथापि, मोठ्या मुद्रित मासिकांतील उपदेश ज्या मुलांच्या कानावरून जाई, त्यांना आपल्याच खोलीतील, आपल्याच पंगतीतील गोष्टींवर कोणीतरी गंभीरपणे लिहितो आहे हे पाहून लिहिण्याची हाव सुटावी, ही त्या पत्राची किमया होती. 1928 साली गुरुजींनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले, तेव्हा त्याच्या पाठीशी या रोजच्या लेखनाची तालीम उभी होती.

इतर शाळांतील हस्तलिखितांचा शिरस्ता साधारण एकसारखा असे. वर्गावर्गांतून मजकूर गोळा होई, मराठीचे शिक्षक तो तपाशीत, आणि मग ज्या दोन-तीन मुलांचे अक्षर कित्त्यासारखे वळणदार, त्यांच्या हाती फुलस्केप कागद, दौत आणि टाक देऊन त्यांना सुट्टीतही शाळेत बसविण्यात येई. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेस बसलेला मुलगा शीर्षके रंगवी आणि पानोपानी वेलबुट्टी काढी. प्रत्येक चित्रावर बटर पेपरचे झिरझिरीत पान घालावयाचे आणि शेवटी बांधणी करावयाची, की झाला अंक. त्याची प्रत एकच, त्यामुळे तो वाचनालयाच्या टेबलावर ठेवीत, नाही तर स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले की कपाटात कुलूपबंद होई. परंतु या एकुलत्या एक प्रतीत एक चैन होती, जी पाचशे प्रतींच्या छापील अंकालाही जड जाई: तिच्यात खरे छायाचित्र चिकटविता येत असे. कोणाच्या थोरल्या बंधूकडे कॅमेरा असला आणि सहलीला तो सोबत आला, तर निगेटिव्ह इतक्याच आकाराचा लहानसा ब्रोमाइड कागदावरील फोटो खळ लावून पानावर बसवीत आणि खाली शाईने नाव लिहीत. गडाच्या बुरुजावरील तो वीत-दीड वितीचाही नसलेला देखावा, त्यातील प्रत्येक दगड आणि प्रत्येक टोपी ओळखू यावी इतका स्वच्छ असे.

छापील वार्षिक अंकात तोच देखावा घालावयाचा म्हटले की हिशेब बदलला. 1880 नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत हाफटोनची रीत व्यवहारात आली. आडव्या-उभ्या बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून चित्राची पुन्हा निगेटिव्ह घेऊन त्याचे ठिपके पाडावयाचे, ते जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून अम्लाने खोदावयाचे, आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीइतका बसवावयाचा, अशी ही खटपट. आपल्याकडे ती विद्या आत्मसात करणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ठसे करण्याचा व छपाईचा उद्योग लोणावळ्यास आणि पुढे दादरला चालविला होता. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, आणि चित्रे घातलेला अंक म्हणजे प्रतिष्ठेचा अंक अशी समजूत मराठी वाचकांत दृढ होत गेली. पुढे शाळांनीही त्याच डौलाची हौस धरली.

हा ठसा चौरस इंचाच्या दराने मिळे आणि लहानात लहान ठशालाही ठरावीक किमान आकार पडे. म्हणून अंकाचा आराखडा आखताना संपादक मंडळ लेखांआधी ठशांचा विचार करी. सत्रशुल्कातून अंकासाठी किती तरतूद, गावातील कापडवाले आणि तेलगिरणीवाले यांच्या जाहिरातींतून किती वसूल, त्यात कागद, जुळणी, छपाई आणि बांधणी वजा जाता ठशांस शिल्लक किती, असा तो जमाखर्च असे. शिवाय साध्या खरबरीत कागदावर ठिपके एकमेकांत मिसळून चित्राचा चिखल होई. तेव्हा छायाचित्रे आर्ट पेपरवर निराळी छापून पहिल्या फॉर्मपूर्वी घालावी लागत. वाचकाला चित्रांची पाने अंकाच्या आरंभी एकगठ्ठा का भेटतात आणि सहलीचा वृत्तांत सत्तरीच्या पुढच्या पानावर असूनही तिचा फोटो तिसऱ्याच पानावर का असतो, त्याचे कारण हे. मजकूर आठ किंवा सोळा पानी फॉर्मात बसवावयाचा. एखादे पान रिते राहिले तर प्रूफे पाहणारे शिक्षक एखादी आठ ओळींची कविता घालीत. कित्येक बालकवी केवळ या रित्या जागेच्या कृपेने प्रसिद्धीस आले, असे म्हटले तर त्यांनी राग मानू नये.

मूठभर ठशांचीच ऐपत असल्यावर त्यांत कोणाची वर्णी लागावी? संस्थापकांची लागे, अध्यक्षांची लागे, शालान्त परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाची लागे, आणि उरलेल्या सर्वांची मिळून एक: ग्रूप फोटो. त्या दिवशी तालुक्याच्या गावाहून छायाचित्रकार तिकाटणे आणि लाकडी कॅमेरा घेऊन येत. सकाळच्या उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी व्हरांड्यासमोर मांडणी होई: पुढे सतरंजीवर लहान मुले मांडी घालून, मागे खुर्च्यांवर शिक्षकवर्ग, मध्यभागी मुख्याध्यापक, त्यांच्या मागे उभी रांग, आणि सर्वांत मागे वर्गातून आणलेल्या बाकांवर उंच मुले. ‘कोणी हालू नका’ अशी ताकीद मिळे, हाताने भिंगावरचे झाकण काढले जाई आणि पुन्हा लावले जाई. तेवढ्या अवधीत ज्याने मान वळविली तो पुढे कायमचा धुरकट राहिला. मग ‘डावीकडून उजवीकडे’ या शब्दांनी आरंभ होणारी नावांची यादी जुळविण्यात येई.

ही यादी अगत्याची होती, कारण तिच्यावाचून कोण कोठे आहे हे कळणे अवघड. सहा इंच रुंदीच्या चित्रात एका रांगेत बारा जण धरले तर प्रत्येकाच्या वाट्यास अर्धा इंच येतो, त्यात चेहरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. वर्तमानपत्री कागदासाठी इंचाला 65 रेघांची जाळी वापरीत. तिच्यात एका चेहऱ्यास आडवे दहा-अकरा ठिपके मिळत. आर्ट पेपरसाठी 120 रेघांची जाळी घेतली तरी वीस. वीस ठिपक्यांत नाक, डोळे आणि टोपी उरकावयाची! अंकासाठी वर्षभर खपलेला विद्यार्थी-संपादक अशा वीस ठिपक्यांनिशी अजरामर होई, आणि ज्यांनी एक ओळही लिहिलेली नसे त्या अध्यक्षांचा अर्धपुतळा पानभर पसरे. त्या पानभर चित्राचा ठसा तर शाळेच्या मालकीचा असल्यामुळे दर वर्षी पुन्हा छापखान्यात जाई. ठिपके झिजून, त्यांत शाई साचून, संस्थापकांची मुद्रा वर्षागणिक अधिकाधिक काळवंडत असे. अंकात चित्रे घेण्याच्या या हौसेने विद्यार्थ्यांच्या नियतकालिकातील विद्यार्थ्याची जागा आक्रसली, हे माझे मत काहींस कठोर वाटेल. परंतु हस्तलिखितातील तो बुरुजावरचा फोटो आणि छापील अंकातील हे ग्रूप फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली, कागदावर नियंत्रण आले आणि नियतकालिकांची पाने रोडावली. शाळांच्या अंकांची काय कथा! स्वातंत्र्यानंतर शाळा वाढल्या तसे छापील अंकही वाढले, पण ठशांचे गणित तेच राहिले. आग्फाच्या ‘क्लिक-3’सारखे साधे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांतून दिसू लागल्यावर 120 क्रमांकाच्या एका फिल्मवर बारा चौरस फोटो विद्यार्थीही काढू लागले, स्नेहसंमेलनातील नाटुकली, खो-खोचा सामना, प्रयोगशाळेतील फजिती, सारे त्यांत येई, आणि बाराही फोटो संपादक मंडळापुढे मांडल्यावर त्यांतील एक निवडला जाई, कारण ठसा एकाचाच परवडे. हे कोडे सोडविले ते ऑफसेटने. त्या पद्धतीत संबंध पानाची एकच प्लेट होते, तिच्यात अक्षर आणि चित्र एकाच पातळीवर बसतात, आणि फोटो थोडा मोठा केला म्हणून जस्ताचे पैसे निराळे मोजावे लागत नाहीत. मुलांनी काढलेली चित्रे मग लेखांच्या अंगाशी, जेथली तेथे, येऊ लागली. ग्रूप फोटो गेला नाही. तो आरंभीच्या पानांवर आपला मान राखून आहे. छायाचित्रांची निवड करताना मात्र संपादक मंडळास खर्चाची सबब आता पुढे करता येत नाही, आणि कोणता फोटो गाळला व का गाळला याची विचारणा मुले थेट शिक्षकांच्या खोलीत येऊन करतात.