गरम ब्रेडच्या आधीची सकाळ

हा फोटो तुम्हीही पाहिला असेल. धुक्यात उभं लाकडी केबिन, खिडकीपाशी टेबल, बिडाच्या तव्यात नुकताच भाजलेला ब्रेड आणि त्यावर वितळणारं लोणी. खाली कॅप्शन असतं, 'स्लो मॉर्निंग्ज'. गंमत म्हणजे त्या तव्यातल्या ब्रेडला इंग्रजीत 'क्विक ब्रेड' म्हणतात.

क्विक ब्रेड आपल्याला अनोळखी नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये काळी पडलेली केळी कुस्करून आपणही बनाना ब्रेड केला. ज्यांच्याकडे ओव्हन नव्हता त्यांनी कुकरची शिट्टी काढून केला. बनाना ब्रेड, कॉर्नब्रेड, मफिन, अमेरिकी 'बिस्किट' ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. यांना यीस्ट लागत नाही. पीठ कालवलं की थेट आचेवर.

ही घाई ब्रेडच्या इतिहासात तशी नवी आहे. ती कुठून आली हे पाहायला गेलं, की फोटोतलं केबिन वेगळं दिसू लागतं.

ब्रेड फुगतो तो पिठात अडकलेल्या वायूमुळे. यीस्ट हा जीव आहे. तो पिठातली साखर खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पण त्याला ऊब लागते आणि तास लागतात. सकाळी गरम ब्रेड हवा असेल तर आदल्या रात्री कणीक भिजवून ठेवायची. यीस्ट नको असेल तर दुसरा मार्ग हाताचा. अंडी फेसत बसायचं किंवा कणीक बडवत राहायचं, म्हणजे हवा पिठात शिरते. म्हणजे एक तर वेळ द्या, नाही तर दंड द्या.

अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तिसरा मार्ग रुळू लागला. तो राखेतून आला.

युरोपातून आलेले वसाहतकरी मूळ रहिवाशांच्या भूमीत शिरून शेतीसाठी जंगल साफ करत होते. तोडलेल्या झाडांचे ढीग जाळायचे. उरलेल्या राखेतून पाणी गाळून काढायचं आणि ते मोठ्या लोखंडी कढईत आटवायचं. तळाशी उरतो तो पोटॅश. या शब्दाचा अर्थच 'भांड्यातली राख'. तो भट्टीत पुन्हा भाजला की पांढरा होतो, म्हणून त्याला 'पर्लॲश', मोत्याची राख, म्हणत. काच, साबण आणि कापडाच्या धंद्याला हा खार लागायचा. त्यामुळे पहिलं पीक हाती येण्याआधीच नव्या शेतकऱ्याला राखेतून रोकड मिळे. या मालाचं मोल किती होतं? ३१ जुलै १७९० रोजी अमेरिकेने दिलेलं पहिलंवहिलं पेटंट सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या पोटॅश आणि पर्लॲश बनवण्याच्या पद्धतीला होतं. त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे.

हा खार आंबट दुधात किंवा काकवीत मिसळला की वायू सुटतो आणि पीठ फुगतं. भज्यांच्या पिठात चिमूटभर सोडा टाकणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. मात्र पर्लॲश जास्त झाला तर तो पिठातल्या चरबीशी जुळून ब्रेडला साबणाची चव येई.

छापील पुस्तकात पर्लॲश घालून पीठ फुगवण्याची कृती आली १७९६ साली, 'अमेरिकन कुकरी' या पुस्तकात. अमेरिकी लेखकाने लिहिलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानलं जातं. लेखिका अमेलिया सिमन्स. मुखपृष्ठावर तिने स्वतःची ओळख 'एक अमेरिकन अनाथ' अशी दिली आहे. आपलं शिक्षण बेताचं असल्याने छपाईची प्रत दुसऱ्याकडून तयार करून घ्यावी लागली, असंही तिने पुढे नोंदवलं. तिच्या पुस्तकातल्या जिंजरब्रेडमध्ये पर्लॲश आहे. हा जिंजरब्रेड लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पुढे राखेची जागा कारखान्याने घेतली. १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी बेकिंग पावडर बनवली. १८४६ मध्ये अमेरिकेत जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी बेकिंग सोड्याचा धंदा सुरू केला. १८५६ मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक एबेन हॉर्सफर्ड यांनी आंबट फॉस्फेटचं पेटंट घेतलं. ते त्या वेळी जनावरांच्या हाडांपासून मिळवत. आंबट दुधाचीही गरज उरली नाही. खार आणि आम्ल एकाच डब्यात आले.

या डब्याने नेमकं कोणाचं काम वाचवलं?

अमेरिकेच्या दक्षिणेत 'बीटन बिस्किट' नावाचा छोटा, गोल ब्रेड मानाचा समजला जाई. त्याची कणीक लाकडी दांड्याने किंवा कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने अर्धा अर्धा तास बडवावी लागे. ज्या घरांत हा ब्रेड रोज टेबलावर यायचा, तिथे बडवणारे हात बहुधा गुलामगिरीतल्या स्वयंपाकिणींचे असत.

ॲबी फिशर त्यांतल्याच. दक्षिण कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेल्या. मुक्तीनंतर त्या सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या, लोणची-मुरंब्यांचा धंदा उभा केला आणि १८८१ मध्ये दक्षिणी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळ्या कृती त्यांनी तोंडी सांगितल्या, दुसऱ्यांनी लिहून घेतल्या. पुस्तकाची सुरुवात न्याहारीच्या ब्रेडपासून होते आणि पहिलीच कृती आहे मेरीलँडच्या बडवलेल्या बिस्किटाची. सोडा आणि बेकिंग पावडर बाजारात सर्रास मिळत असताना त्यांनी पहिला मान हाताच्या कामाला दिला.

आता केबिन. ओंडक्यांची ही घरं सतराव्या शतकात स्वीडिश आणि फिनिश वसाहतकऱ्यांनी डेलावेअर नदीकाठी आणली. ती रोमँटिक वगैरे नव्हती, हाताशी होतं त्यातून उभारलेली गरिबाची खोली होती. तिला वलय चढलं ते १८४० च्या निवडणुकीत. विल्यम हेन्री हॅरिसन यांना ओंडक्यांच्या खोलीत बसून साइडर प्यायला पाठवा, अशी टर विरोधी वर्तमानपत्राने उडवली. समर्थकांनी तीच खोली प्रचाराचं चिन्ह केली आणि हॅरिसन जिंकले. प्रत्यक्षात त्यांचा जन्म व्हर्जिनियातल्या एका श्रीमंत मळेवाल्याच्या हवेलीत झाला होता. केबिनचा फोटो विकण्याची कला इन्स्टाग्रामच्या बरीच आधीची आहे, ती अशी.

व्हर्जिनियातलीच दुसरी एक केबिन पाहू. तिथे १८५६ च्या सुमारास बुकर टी. वॉशिंग्टन जन्मले. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना ते आठवतील. कार्व्हर यांना टस्कीगीला बोलावून घेणारे ते हेच. आत्मचरित्रात ते सांगतात की त्यांची केबिन म्हणजेच साऱ्या मळ्याचं स्वयंपाकघर. मातीची जमीन, काच नसलेल्या खिडक्या, उघडी चूल. आई मळ्याची स्वयंपाकीण. मुलांसाठी तिला वेळ मिळे तो पहाटे कामाला लागण्यापूर्वी आणि रात्री काम उरकल्यावर, क्षणभर. सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून जेवल्याचं त्यांना आठवत नाही. इथे ब्रेडचा तुकडा, तिथे मांसाचा.

एकदा त्यांनी मालकाच्या घरातल्या मुली आणि पाहुण्या बायका अंगणात जिंजरकेक खाताना पाहिल्या. त्यांनी मनाशी ठरवलं, स्वतंत्र झालो आणि या बायकांसारखे जिंजरकेक मिळवून खाता आले, की आयुष्यात आणखी काही नको. सिमन्सच्या पुस्तकातल्या आल्याच्या खाऊचाच हा भाऊबंद. एका पोराच्या मनात स्वातंत्र्याला आल्याचा वास होता.

बेकिंग सोड्याने कोणाला मुक्त केलं नाही. ते युद्धाने, कायद्याने आणि गुलामांच्या स्वतःच्या झगड्याने झालं. पण अर्धा तास कणीक बडवण्याचं काम चिमूटभर पांढऱ्या पुडीवर आलं, हेही लहान नाही. पहाटे उठणाऱ्या बाईला त्यातून थोडी झोप मिळाली असेल, तर मी त्या पुडीला नावं ठेवणार नाही. खटकतो तो फोटो. त्यात तवा आहे, लोणी आहे, धुकं आहे. चूल पेटवणारी नाही.

आपल्या मुळशीच्या किंवा कोकणातल्या फार्मस्टेवरही सकाळी आठला टेबलावर गरम भाकरी येते आणि आपण फोटो काढतो. पुढच्या वेळी चुलीपाशी जाऊन विचारा, "मावशी, किती वाजता उठलात?"