ओल्गा टेलिस खटला

उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय (१० जुलै १९८५). पूर्ण नाव : ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय घटनापीठाने तो दिला.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. २३ जुलैला भर पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना आणि स्वतः फुटपाथवासी यांनी न्यायालयात दाद मागितली. यांतला एक जण संगमनेरहून आलेला, मूळचा चांभारकाम करणारा. गावचे घर पडल्यावर तो मुंबईत आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले होते. बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी ७०० लागले. म्हणजे फुकटात पथारी पसरणारे लोक हे चित्र मुळातच खोटे होते.

फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, अशी कबुली याचिकाकर्त्यांच्या वतीने आधी उच्च न्यायालयात दिली गेली होती. महापालिकेने तिच्यावर बोट ठेवले. मूलभूत हक्क कोणालाही सोडून देता येत नाहीत, असे सांगून न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. माणसे कामाच्या जवळ राहतात, कारण जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च त्यांना झेपत नाही. डोक्यावरचे छप्पर गेले की हातचे काम जाते, आणि काम गेले की जगणेच हिरावले जाते, ही निकालामागची विचारसरणी. तिला न्यायालयाने अनुच्छेद ३९(क) आणि ४१ मधील मार्गदर्शक तत्त्वांचा आधार दिला. निकालाचा सर्वांत मोलाचा भाग हाच.

प्रत्यक्ष पदरात मात्र फार थोडे पडले. नोटीस न देता अतिक्रमण काढण्याची मुभा आयुक्तांना देणारे १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ वैध ठरले. ती मुभा अपवादानेच वापरावी, एरवी संबंधितांचे म्हणणे ऐकून घ्यावे, असा अर्थ न्यायालयाने लावला. पण याच खटल्यात आपणच म्हणणे ऐकले, तेव्हा महापालिकेने पुन्हा सुनावणी घेण्याची गरज नाही, असेही म्हटले. ज्यांच्यामुळे हा हक्क प्रस्थापित झाला, त्यांनाच त्याचा लाभ नाकारणारा हा युक्तिवाद पटण्याजोगा नाही. झोपड्यांच्या १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, वीस वर्षांहून जुन्या वस्त्या सार्वजनिक कामाला जमीन लागल्याखेरीज हलवू नयेत आणि पावसाळ्याचा विचार करून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत कोणाला हटवू नये, असे मोजके निर्देश मिळाले. पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट ठरली नाही.

पुढे झोपडपट्टीच्या धोरणात ‘कोणत्या तारखेपूर्वीचा पुरावा’ हाच कळीचा प्रश्न होऊन बसला. महाराष्ट्रात पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी १ जानेवारी १९९५ ही तारीख धरली गेली आणि नंतर ती पुढे सरकत राहिली. न्यायालयांचा सूरही बदलला. २००० साली अलमित्रा पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमकाला मोफत पर्यायी भूखंड देण्याची तुलना खिसेकापूला बक्षीस देण्याशी केली.