पडद्यावरील आगंतुक

ज्या घरीं संगणक आला, त्या घरीं न बोलावितां आणखी एक पाहुणा आला. काम चाललें असतां पडद्यावर एकाएकीं चौकट उघडावी, तिच्यांत भलत्याच मालाची जाहिरात असावी, आणि ती मिटवावी तों दुसरी उघडावी, हा अनुभव एकविसाव्या शतकाच्या आरंभीं देशोदेशींच्या कुटुंबांनीं घेतला. या आगंतुकाला घराबाहेर काढण्याचा इतिहास लहानसाच, परंतु बोधप्रद आहे.

हे आगंतुक दोन जातींचे होते. पहिल्या जातीचा उगम १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील 'ट्रायपॉड' या संस्थेंत सांपडतो. सामान्य लोकांनीं रचलेलीं पानें ही संस्था इंटरनेटवर ठेवी व खर्च जाहिरातींतून भागवी. आपली जाहिरात एका कामुक विषयाच्या पानावर झळकल्याचें पाहून एक मोटार कंपनी संतापली. यावर तोड म्हणून संस्थेंतील ईथन झुकरमन यांनीं जाहिरात स्वतंत्र खिडकींत उघडण्याची आज्ञावली लिहिली. पान आणि जाहिरात यांचा संबंध जोडला जाऊं नये, एवढाच तिचा हेतु होता. परंतु ही युक्ति सर्व बाजारानें उचलली. २०१४ सालीं झुकरमन यांनीं एका लेखांत याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

दुसरी जात अधिक फसवी होती. विंडोज एन्.टी., २००० व एक्स्.पी. या प्रणालींत 'मेसेंजर सर्व्हिस' नांवाची सोय असे. गप्पागोष्टींच्या मेसेंजरशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. छपाई पुरी झाली, किंवा मुख्य यंत्र थोड्याच वेळांत बंद होणार आहे, अशी वर्दी कचेरींतील सर्वांना देण्यासाठीं ती होती. गांवांत दवंडी पिटावी, तसाच हा प्रकार. कचेरीच्या चार भिंतींत ती उपयुक्तच होती. परंतु तीच प्रणाली घरोघरीं गेली, यंत्रें थेट इंटरनेटला जोडलीं गेलीं, आणि दवंडीचें दार मात्र उघडेंच राहिलें. २००२ सालीं जाहिरातदारांना त्याचा सुगावा लागला. येथें कोणतेंही पान उघडण्याची गरज नव्हती. यंत्र जोडलेलें असलें कीं पुरे.

याचा कळस २००३ च्या नोव्हेंबरांत दिसला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें कॅलिफोर्नियांतील एका लहान कंपनीस न्यायालयांत खेंचलें. आरोप असा कीं, ही कंपनी लोकांच्या पडद्यावर, कधीं कधीं दर दहा मिनिटांनीं, चौकटी पाठवी, आणि त्या चौकटींत जाहिरात असे ती अशा चौकटी थांबविणाऱ्या साधनाची! किंमत २५ ते ३० डॉलर. आग लावून पाणी विकण्याचाच हा धंदा. वास्तविक उपाय फुकट होता: प्रणालीच्या सेवांच्या यादींत जाऊन ती एक सेवा बंद करावयाची. पण ही यादी किती गृहस्थांनीं उघडून पाहिली असेल? जो अजाण, त्याच्याच खिशावर हा डोळा होता. २००४ सालीं हा खटला तडजोडीनें मिटला.

खरा उपाय मात्र न्यायालयांतून आला नाहीं. ऑपेरासारख्या ब्राउझरांनीं आगंतुक खिडक्या अडविण्याची सोय आधींच केली होती. ऑगस्ट २००४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें एक्स्.पी.साठीं 'सर्व्हिस पॅक २' काढला. त्यानें मेसेंजर सेवा मुळांतच बंद ठेविली, 'फायरवॉल' ही तटबंदी आपोआप चालू केली, आणि इंटरनेट एक्सप्लोररला खिडक्या अडविण्यास शिकविलें. पुढें २००७ सालीं घरोघरीं आलेल्या व्हिस्टांतून ती सेवाच वगळण्यांत आली. लोक एका दिवसांत तज्ज्ञ झाले नाहींत. दार मुळांत उघडें ठेवण्याऐवजीं बंद ठेवलें गेलें, एवढाच फरक झाला, आणि तेवढा पुरला.

तरी आगंतुक स्वस्थ बसला नाहीं. २०१५ पासून तो परवानगी मागून येऊं लागला. 'सूचना पाठवूं का?' या प्रश्नाला घाईनें होकार दिला, कीं पडदा पुन्हा त्याचाच. २०२० सालीं फायरफॉक्स व क्रोम यांनीं हा प्रश्नही दबक्या आवाजांत विचारण्याची व्यवस्था केली. दिलेला होकार ब्राउझरच्या सेटिंगमधील सूचनांच्या यादींतून केव्हांही परत घेतां येतो. आणि चौकटीवरच्या उपायासाठीं जी चौकटच पैसे मागते, तिला उत्तर न देणें हेंच २००३ च्या त्या खटल्यानें शिकविलेलें शहाणपण होय.