चाकाआडचें मळसूत्र

कन्नडाकडून चाळीसगांवास येतांना ज्यांनीं औट्रम घाट मोटारीनें उतरला असेल, त्यांस ब्रेकाचें महत्त्व सांगावयास नको. १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभी करणाऱ्या जेम्स औट्रमचें नांव त्या घाटास चिकटलें तें चिकटलेंच. आज आम्हांस ज्या वस्तूचा वृत्तांत सांगावयाचा आहे ती फार क्षुद्र असली, तरी चिकटण्याच्या बाबतींत औट्रमसाहेबांस हार जाणारी नव्हे. ब्रेकाची तबकडी चाकामागील हबावर धरून ठेवणारा लहानसा स्क्रू, जुन्या भाषेंत मळसूत्र, ती ही वस्तु होय.

तबकडीच्या ब्रेकाची कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु तांब्याचें अस्तर तबकडीवर घासतांच असा कर्कश आवाज होई, कीं ती फारशी कोणास रुचली नाहीं. पुढें १९५३ सालीं ल मान्सच्या शर्यतींत जॅग्वार गाडीनें डनलॉपच्या तबकड्यांवर विजय मिळविला, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे वळलें.

स्क्रूची कथा याहून उद्बोधक आहे. अमेरिकेंतील हेन्री फिलिप्स यांस १९३६ सालीं फुलीच्या खाचेचें पेटंट मिळालें आणि मोटारींच्या कारखान्यांनीं ती उचलून धरली. कारण फुलींत हत्याराचें टोक आपोआप मध्यावर बसतें व यंत्रानें स्क्रू भराभर पिळतां येतात. मात्र या खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळें जोर वाढला कीं टोक वर सरकून बाहेर पडतें. बसविणाऱ्याचें त्यांत कांहीं बिघडत नाहीं. काढण्याचा प्रसंग कित्येक वर्षांनीं धुळ्याच्या किंवा जळगांवच्या मिस्त्रीवर येतो, आणि त्याचा विचार ही खाच आंखतांना कोणीं केला होता असें दिसत नाहीं. जपानी धाटणीच्या गाड्यांत घोळ आणखी वाढतो. तेथील फुली फिलिप्सच्या फुलीहून किंचित् निराळी असते, आणि नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर तींत नीट बसत नाहीं.

धुळ्यास आग्रा रोडलगतच्या एका गॅरेजांत आम्हीं हें काम उभें राहून पाहिलें. आमच्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व मागून पाऊस येतो; त्यांत ब्रेक रोज तापावयाचे व निवावयाचे. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, म्हणून आटे एकमेकांत आवळून बसतात. उमेदवार पोरगा नुसत्या मनगटाच्या बळावर स्क्रू फिरवूं पाहत होता. वृद्ध मिस्त्रीनें त्यास बाजूस सारलें. खाचेंतील घाण सुईनें उकरली, गंज सोडविणारें तेल घालून तासभर वाट पाहिली, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून वर हातोडा मारला. हें हत्यार मोठें युक्तीचें आहे: ज्या घावानें टोक खाचेंत दाबलें जातें, त्याच घावानें तें थोडेंसें फिरतेंहि. दोहोंपैकीं एक स्क्रू तिसऱ्या घावास सुटला. दुसऱ्याची फुली पूर्वींच कोणीं तरी गुळगुळीत करून ठेविली होती, तेव्हां मिस्त्रीनें ड्रिल मागविलें.

येथें गाडीचा मालक घाबरला. स्क्रूचें डोकें उडविलें तर तबकडी निसटेल, त्यापेक्षां जुनीच राहूं द्या, असें तो म्हणूं लागला. हा समज सार्वत्रिक आहे व घातक आहे. चाक चढल्यावर तबकडी आवळून धरतात ते चाकाचे नट. स्क्रूची चाकरी चाक चढेपर्यंत तबकडी जागेवर ठेवण्यापुरती. जुनीं दप्तरें चाळणारांस असे वतनदार ठाऊक असतात: नेमणुकीचें कारण सरलेलें असतें, पण वतन सोडावयाची त्यांची तयारी नसते! खरें भय त्या झिजलेल्या तबकडीचें होतें. किमान जाडीचा आंकडा बहुधा तबकडीवरच कोरलेला असतो, आणि ही त्याच्याहि खालीं गेली होती.

डोकें उडालें, तबकडी निघाली, उरलेला खुंट पकडीनें धरून उलटा फिरविला तो मुकाट्यानें बाहेर आला. मिस्त्रीनें तारेच्या ब्रशानें हब घांसला, नव्या स्क्रूच्या आट्यांस ग्रीसचें बोट लावलें व तो हलक्या हातानेंच पिळला. मग नवी तबकडी दोनदां पुसून तिच्यावर तेलाचा डाग राहिला नाहीं ना, हें उजेडांत पाहिलें, आणि पोरास चाक आणावयास सांगितलें.