दाखवले एक, दिले दुसरे : माल परत करण्याच्या हक्काचा इतिहास

#थ्रेड

१/१६
भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात एकोडी नावाचे गाव आहे. अशा गावातूनही आज समुद्रापलीकडच्या विक्रेत्याकडून वस्तू मागवता येते. चित्रात सुती कापड दिसते, पार्सल उघडल्यावर कृत्रिम धाग्याचे निघते. मग प्रश्न येतो : ही वस्तू परत कोणी, कुठे आणि कोणाच्या खर्चाने पाठवायची? हा प्रश्न मोबाइलपेक्षा फार जुना आहे.

२/१६
नारदस्मृतीत ‘क्रीतानुशय’ नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. खरेदी फसली असे वाटल्यास वस्तू त्याच दिवशी, न बिघडवता परत करता येई. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग सोडावा लागे, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर परतीचे दार बंद.

३/१६
याज्ञवल्क्यस्मृती मालानुसार परीक्षेची मुदत ठरवते. लोखंडाला १ दिवस, दुभत्या जनावराला ३, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७, बियाण्याला १०. दोष ज्या वस्तूत उशिरा उघड होतो, तिला मुदत अधिक. त्याच यादीत दास-दासींच्या परीक्षेचीही मुदत आहे. त्या बाजारात माणसेही विकली जात होती, हे विसरून या नियमांचे कौतुक करता येणार नाही.

४/१६
नारदाचा आणखी एक नियम आजच्या खरेदीदाराला थेट ओळखीचा वाटेल. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम खरेदीदाराला द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा. मात्र या साऱ्या नियमांमागे एक गृहीतक आहे : विक्रेता हाताच्या अंतरावर आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानापर्यंत चालत जाता येते.

५/१६
इंग्लंडची जुनी वाट याहून कठोर होती. १६०३ मध्ये ‘चँडलर विरुद्ध लोपस’ हा खटला गाजला. एका सोनाराने एक खडा ‘बेझोर’ म्हणून १०० पौंडांना विकला. बेझोर म्हणजे बकरीसारख्या प्राण्याच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा समजला जाई. त्याचे नावच फारसी ‘पादजहर’वरून आलेले. विकलेला खडा बेझोर नव्हता, असे खरेदीदाराचे म्हणणे होते.

६/१६
तरीही खरेदीदार हरला. विक्रेत्याने खड्याला बेझोर ‘म्हटले’ होते, पण तशी ‘हमी’ दिली नव्हती, असा युक्तिवाद टिकला. नुसते वर्णन म्हणजे वचन नव्हे, घेणाऱ्याने स्वतः पारखून घ्यावे, हा त्याचा अर्थ. पण जो माल डोळ्यांसमोर नाही, तो पारखायचा कसा? सागरी व्यापार वाढला तसा हा प्रश्न टाळता येईना.

७/१६
१८६८ च्या ‘जोन्स विरुद्ध जस्ट’ खटल्यात उत्तर बदलले. सिंगापूरहून निघालेला मनिला ताग लिव्हरपूलला पोहोचला, तेव्हा तो खराब निघाला. आधीच्या प्रवासात तो खाऱ्या पाण्याने भिजला होता आणि वाळवून पुन्हा बांधला होता. माल पाहण्याची संधीच नसलेल्या खरेदीदाराला वर्णनाबरहुकूम आणि बाजारात विकण्याजोगा माल मिळालाच पाहिजे, असा निकाल लागला.

८/१६
या कथेत आपली बाजू नेहमी फसलेल्या गिऱ्हाइकाचीच होती, असे मात्र नाही. मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसात सरकी, माती आणि पाणी मिसळले जाई. त्याविरुद्ध मुंबई सरकारने १८२९ मध्येच कायदा केला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि इकडच्या कापसाला अफाट भाव आला. भावाबरोबर भेसळही वाढली. १८६३ मध्ये कापसातील लबाडी रोखण्यासाठी नवा कायदा करावा लागला.

९/१६
सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून गेलेली कापसाची गासडी लिव्हरपूलहून परत पाठवणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे माल तिथेच राही आणि किंमत कापली जाई. ‘सुरत’ हे भारतीय कापसाचे नाव लँकेशायरमध्ये हलक्या मालाचे नाव होऊन बसले. त्याची झळ भेसळ करणाऱ्यापुरती राहिली नाही. स्वच्छ कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यालाही चांगला भाव मिळेना.

१०/१६
उलट दिशेने लँकेशायरचे कापड मुंबईत येई. वजनदार दिसावे म्हणून त्याला खळ आणि चिनी माती भरपूर चढवलेली असे. जहाजाच्या दमट पोटात अशा कापडावर बुरशी धरे. ताग्याची लांबीही सांगितल्याप्रमाणे भरेलच याची खात्री नसे. गावच्या बाजारात धोतरजोडी घेणाऱ्या माणसाने मँचेस्टरशी भांडावे तरी कसे?

११/१६
१८८९ च्या ‘इंडियन मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्ट’ने हा तपास गिऱ्हाइकाच्या दारातून उचलून बंदरावर नेला. ज्या ताग्यावर त्याची लांबी यार्डांत, ठळक आकड्यांत छापलेली नाही, त्याला आयातबंदी झाली. खोटे व्यापारी वर्णन हा गुन्हा ठरला. परदेशी मालावर इथल्या किंवा ब्रिटिश व्यापाऱ्याचे नाव असेल, तर तो कोणत्या देशात बनला हे सांगणेही आले.

१२/१६
दरम्यान १८७७ मध्ये टपाल खात्याने व्हीपी सुरू केली. पोस्टमन पार्सल आणी, पैसे घेई आणि ते विक्रेत्याला पोहोचवी. जाहिरात वाचून घड्याळ, औषध, पुस्तक मागवण्याची सोय खेड्यापर्यंत गेली. पण पार्सल उघडायचे ते पैसे मोजल्यावरच. आत काय आहे हे कळेपर्यंत रक्कम हातातून गेलेली असे. आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची ही आजीच.

१३/१६
१९३० चा वस्तुविक्री कायदा आजही लागू आहे. कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम ४१ माल तपासण्याची संधी देते. कलम ४३ तर फारच मोलाचे : वेगळा करार नसेल, तर नाकारलेला माल परत नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी खरेदीदाराची नाही, नाकारल्याचे कळवणे पुरेसे. मात्र वाजवी मुदतीत कळवले नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते.

१४/१६
हक्क कागदावर होता, पण दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी दिवाणी दावा कोण लावणार? इथे महाराष्ट्राचे योगदान मोठे आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन झाला.

१५/१६
१९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणतः विक्रेत्याचे ठिकाण किंवा व्यवहाराची जागा पाहून करावी लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराचे राहण्याचे ठिकाणही ग्राह्य धरले. एकोडीच्या ग्राहकाची तक्रार भंडाऱ्याच्या जिल्हा आयोगात चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. २०२० चे ई-वाणिज्य नियम भारतीय ग्राहकांना नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. मूळ देश दाखवणे बंधनकारक आहे आणि बाजारमंचावरील विक्रेत्याला जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देता येत नाही. १८८९ मध्ये बंदरावर विचारलेला प्रश्न आता मोबाइलच्या पडद्यावर विचारला जातो.

१६/१६
तरी समुद्र अजून पुरता आटलेला नाही. ज्या विक्रेत्याचे भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, त्याच्याविरुद्ध मिळालेला आदेश अमलात आणणे अवघडच. अशा वेळी ज्याच्यामार्फत खरेदी झाली तो बाजारमंच आणि ज्याच्यामार्फत पैसे गेले ती बँक, हेच हाताला लागणारे दुवे ठरतात. सीमाशुल्क भरलेले असेल, तर कायद्याच्या कलम २६अ खाली, न वापरलेला आणि ठरल्याप्रमाणे नसलेला माल मुदतीत परत निर्यात केल्यास ते शुल्कही मागता येते. माल लगेच तपासावा, जसा आला तसा ठेवावा आणि दोष दिसताच कळवावे. नारदाच्या बाजारातही खरेदीदाराला हेच तीन दिवसांच्या आत उरकावे लागे. फरक इतकाच की त्याला विक्रेत्याचे दुकान कुठे आहे हे ठाऊक होते. म्हणून आजच्या खरेदीत किमतीच्याही आधी वाचण्याजोगी ओळ एकच : विकणारा कोण आणि तो कुठे सापडेल.