मानमोडी

जुन्या माणसाच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द आला, की ऐकणाऱ्याने आधी विचारून घ्यावे : माणसांची की कोंबड्यांची? १९१८ साली, पहिले महायुद्ध संपता संपता, इन्फ्लुएन्झाची जी साथ आली तिला आपल्याकडे खेड्यापाड्यांतून मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. तेच नाव कोंबड्यांच्या एका रोगालाही आहे. माणसांची मानमोडी इतिहासजमा झाली. कोंबड्यांची अजून आमच्या घाटनांदुरात येऊन जाते. दिवाळीच्या फराळाबरोबर रोगाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात अंड्यांच्या पैशांतून सणाचे तेल येते, त्या घराला ही कथा परकी नाही.

रोगाचे रूप ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. संध्याकाळी खुराड्यात धडधाकट शिरलेली कोंबडी सकाळी पंख पाडून पेंगत बसते. चोच उघडी, गळ्यात घरघर, दाण्याकडे लक्ष नाही, हगवण हिरवट. एखादी त्यातून तगली, तर दोन-चार दिवसांनी तिची मान पिळल्यासारखी वळते. रोगाचे मराठी नाव या वळलेल्या मानेवरून पडले आहे, हे सांगायला पंडित नको. आठवड्याभरात अंगण ओस पडते.

शास्त्रज्ञांना या रोगाची ओळख पटली ती १९२६ साली, एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना : जावा बेटात आणि इंग्लंडातील न्यूकॅसल या बंदरात. इंग्रजांनी त्याला न्यूकॅसलचे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊंतील राणीखेत येथे दिसला. जवळच मुक्तेश्वरला सरकारची पशुरोग संशोधनसंस्था होती. तेथील एडवर्ड्स यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि हिंदुस्थानात तो 'राणीखेत' झाला. थंड हवेच्या त्या सुंदर गावाचे नाव आमच्या बायाबापड्यांना ठाऊक आहे ते असे, मेलेल्या कोंबडीमुळे!

मुक्तेश्वरच्या या संस्थेचे मूळ आपल्या पुण्यात आहे. १८८९ साली ती तेथे निघाली आणि १८९३ साली पहाडात गेली. ती निघाली मुख्यतः गुरांच्या बुळकांडीसाठी. सरकारला काळजी होती नांगराच्या बैलाची आणि पलटणीच्या घोड्याची. कोंबडी त्यात कोठे बसणार? तरी पुढे कोंबडीकडेही लक्ष गेले. १९४० साली अय्यर आणि डॉब्सन या दोघांनी मानमोडीचा विषाणू अंड्यांतील गर्भांत पुनःपुन्हा वाढवून मवाळ केला आणि त्याची लस करता येते, हे दाखवून दिले. मुक्तेश्वरचे नाव अशाच एका वाणाला चिकटले ते आजतागायत. लहान पिल्लांना सौम्य लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात; मोठी झाल्यावर पंखाखाली सुई टोचतात.

आता एक प्रश्न उरतो. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. मग ऐंशी वर्षांहून जुनी लस हाताशी असताना मानमोडी का राहिली? रोग झाल्यावर औषध नाही, हे खरे. पण रोगाआधीचा उपाय तर आहे.

याचे उत्तर मला वर्गात मिळाले. मुलांना बेरीज शिकवताना मी घरोघरच्या कोंबड्या मोजून आणायला सांगितल्या. कोणाकडे चार, कोणाकडे सात, एकाकडे नुसता एक कोंबडा. आणि लसीची कुपी येते शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची! ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांची मालकीण ती घेऊन करील काय? म्हणून ती दुसरा, परंपरागत उपाय करते : पेंगू लागलेली कोंबडी बाजारात स्वस्तात काढते, किंवा कापते आणि पिसे उकिरड्यावर टाकते. रोगाला याहून चांगले वाहन कोणते हवे? तिला दोष तरी कसा द्यावा! माणसांवर साथ आली की मरीआईला कोंबडी देण्याची चाल आपल्याकडे होती. कोंबड्यांवर साथ आली, तर त्यांच्यासाठी कोणी काय द्यावे?

कोंबडीच्या मरणाची दखल घेतली गेली ती माणसाला धोका दिसला तेव्हा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये तो आमच्या दारी आला. परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. बीड जिल्ह्यात मेलेले कावळे त्याच रोगाचे ठरले. तेव्हा अधिकारी आले, हद्दी आखल्या गेल्या. योग्यच झाले. मात्र मानमोडी आणि बर्ड फ्लू यांत नुसत्या डोळ्यांनी भेद करता येत नाही, तो प्रयोगशाळाच करते. म्हणून पटापट कोंबड्या मरू लागल्या, तर त्या न हाताळता जनावरांच्या दवाखान्यात कळवणे, आजारी पक्षी बाजारात न नेणे आणि नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी डालून ठेवणे, एवढे प्रत्येकाला करता येते.

लसीचे मात्र एकट्याने होत नाही. मुलांनी आणलेले आकडे मी फळ्यावर मांडले, तेव्हा एकेका गल्लीची बेरीज कुपीच्या जवळपास जात होती. गल्लीने दिवस ठरवावा, भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच गुरांच्या डॉक्टरांना बोलवावे, एक कुपी फोडावी आणि खर्च कोंबडीमागे वाटून घ्यावा. दवंडी पिटण्याइतके हे सोपे आहे. मुक्तेश्वरच्या पहाडातून निघालेली विद्या पंखाखालच्या सुईपर्यंत यायला शेवटची वाट आहे ती एवढीच : या अंगणापासून त्या अंगणापर्यंतची.